पडू नये अशी केस

रिसोड,
६ मे २०२५

चि. शिवम,

ताईचे आशीर्वाद. आमी इकडे ठीक आहोत. ऊन असं तापून राह्यलं की दुपारच्याला बाजारात कुत्रं दिसत नाही. मायचा कारंज्याहून फोन आला होता, गुडघे बरे आहेत म्हणते. तू डब्यावरच जगून राह्यला की कधी हातानं बी शिजवतो?

मोबाइलच्या जमान्यात ताईले कागद काहून सुचला म्हणशील. अरे, चांगला मोबाइल घरात एकच, अन् तो तुह्या भाऊजीच्या खिशात. दिवसभर त्यावर लोकं बिघडलेल्या सोलर पंपाच्या कंट्रोलरचे फोटो पाठवतात. बोलावं म्हटलं तर दुकान अन् घर यांच्या मधात नुसता पडदा. म्हणून या खोक्यातच चिठ्ठी टाकते. तू बी जे काय विचारायचं ते खोक्यातच विचारजो, फोन करू नको.

खोकं उघडल्यावर हसू नको. ते जे पापडासारखं वाकलेलं निळं निघेल, ती तूच थ्रीडी मशीनवर छापून पाठवलेली स्कोपची केस आहे. झालं असं की उकंडरावच्या वावरातला सोलर पंप बंद पडला. हे दुरुस्तीले गेले. तुह्या केसमध्ये वायर घालायचं भोक नेमकं उलट्या बाजूले, म्हणून यांनी स्कोप बाहेर काढला अन् रिकामी केस मोटारसायकलच्या सीटवर ठेवली. तासाभरानं पाह्यलं तर सीटवर हे असं. संभाजीनगरात तुह्या कारखान्यात पंखे असतील, बाप्पा. इथं मे महिन्यात सीटवर बसता येत नाही, तिथं तुह्या प्लास्टिकची काय कथा.

केस गेली त्याचं दुःख नाही. पण नेमका तेवढ्यात उघडा स्कोप हातातून निसटला अन् पडद्याचा कोपरा तडकला. चालू आहे अजून, देवाची कृपा.

तुले माहीत आहे तो स्कोप काय आहे यांच्यासाठी. तूच आणून दिला होता. साधं मीटर नुसता आकडा दाखवते, हा विजेची लाट पडद्यावर काढून दाखवते, अन् ती लाट पाहून हे सांगतात की बोर्डात नेमकं काय मेलं. बाकीचे मेकॅनिक आख्खा बोर्डच बदला म्हणतात. भागवतभाऊ दुरुस्त करून देतात, म्हणून लोकं मालेगाव-मंगरूळपासून यांच्याकडे येतात. तसा स्कोप आता बनत नाही हे बी तूच सांगतलं. हा फुटला तर पुढं काय, हे माह्या डोक्यात दिवसभर चालू राह्यते. मी तुले हात जोडते, शिवम, याले कवच असं कर की हा पडूच नये, अन् पडला तर फुटू नये.

आता नीट वाच. ते कडक प्लास्टिक नको, रबरासारखं जे छापता येते ते घे. चारी कोपरे जाड ठेव. पडद्याच्या भोवती काठ उंच पाहिजे, म्हणजे पालथा पडला तरी काच जमिनीले लागणार नाही. वायरचं भोक डाव्या बाजूले कर. अन् मागच्या अंगाले हात अडकवायचा पट्टा दे, म्हणजे मूठ सुटली तरी स्कोप सुटू नये.

तू यांच्या हाताचं माप मागतलं. पट्टीनं काही हात मोजता येत नाही. मी कणकेत मीठ टाकून घट्ट गोळा मळला, स्कोपच्या जाडीच्या फळकुटावर तो थापला अन् यांले म्हटलं, धरा, जसा स्कोप धरता तसा. हे हसले, माह्या हाताचे मुटके करून भावाले पाठवते का म्हणे. वाळवून सोबत पाठवून राह्यली. बोटांच्या खाचा जशा आहेत तशा केसवर उतरव.

भाऊजीच्या हातून स्कोप कसा काय निसटला म्हणशील. घामानं, दुसरं काय. उन्हाळा आहे.

लवकर पाठवजो.

तुही ताई,
योगिनी


रिसोड,
१२ जुलै २०२५

चि. शिवम,

आशीर्वाद. पाऊस बरा आहे, सोयाबीन गुडघ्याले लागलं.

तुही करड्या रंगाची केस पाहून मी दुकानातच नाचायची राह्यली होती. काय केली रे तू! खाचांमध्ये यांची बोटं अशी जाऊन बसली की जशी घरी आली. हे स्वतः म्हणाले, शिवमच्या हातात कला आहे. मी म्हटलं, कणीक कोणं मळली? पडली बी ती, एकदा टेबलावरून, एकदा पायऱ्यांवरून. चेंडूवानी उसळली अन् स्कोप जिथल्या तिथं. मी देवाले नारळ फोडला.

पण आता आणखी एक कर. ही थोडी जाड होते यांले. पातळ कर, हलकी कर. बटणावरचं रबर बी अर्धं कर, दाबाले जोर लागते. अन् पट्टा मनगटापर्यंत घे, रुंद, चिकटपट्टीचा, एका हातानं आवळता आला पाहिजे.

नवीन माप सोबत आहे. यात अंगठ्याच्या बुडाचा उठाव नीट आला नाही. पावसाळ्याची कणीक सैल झाली असंल, अन् यांनी बी कंटाळ्यानं दाबलं. तू त्याच्याकडे लक्ष देऊ नको, पण माप मात्र हेच धरजो.

मायले यातलं काही सांगू नको. सांगण्यासारखं नाहीच काही, तरी सांगू नको.

घाई कर, राजा.

तुही ताई


रिसोड,
२१ ऑगस्ट २०२५

चि. शिवम,

आशीर्वाद. या वेळेस खुशाली लिहीत नाही.

तू फोन केला अन् मी ठेवून दिला, त्याचा राग धरू नको. मेच्या मापात अन् जुलैच्या मापात एवढा फरक कसा, असं तू विचारलं. हे समोरच बसले होते. मी काय सांगू? कणीक, कणीक करत राह्यली. मग तू तुह्या हुशारीनं दोन्ही मापांची सरासरी काढली अन् मधलीच केस छापून पाठवली. तुही काय चूक? मी खोटं माप सांगतलं असतं तर एकवेळ बरं होतं, मी खरं माप देऊन खोटं बोलली.

ती केस ना मेच्या हाताले बसते, ना आताच्या.

पावसानं दडी मारली, सोयाबीन फुलावर, अन् उकंडरावचा पंप पुन्हा बंद. आमी गेलो. आमी म्हणजे मी बी. आता गाडी मीच चालवते, हे मागं बसतात. हे बी तुले लिहिलं नव्हतं. वावरात पाच-सहा जण उभे होते. यांनी स्कोप घेतला, वायर लावली, पट्टा आवळाले गेले तर आवळेच ना. खाचा रुंद, बोटं त्यात नुसती पडून राह्यली. स्कोप खाली आला. उकंडरावनं उचलून यांच्या हातात दिला. पुन्हा पडला. तिसऱ्या वेळेस मी उचलाले वाकली तर हे माह्यावर असे वरडले की मी लग्नापासून ऐकलं नव्हतं.

मग उकंडरावनं काय केलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् यांचा हात अन् स्कोप एकात बांधून टाकला, बैलाचं खूर बांधते ना माणूस, तसा, हळू. बाकीच्यांले म्हणाला, चला, तिकडं सावलीत बसू, भाऊले काम करू द्या. यांनी तसंच काम केलं. वायर मी धरली. पंप चालू झाला. पाणी आलं तेव्हा सगळे खूश, अन् मले तिथंच चिखलात बसून रडावं वाटलं.

दोन्ही मापं खरी आहेत, शिवम. कणीक सैल नव्हती. मेपासून जुलैपर्यंत यांचा हात तेवढा कमी झाला.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. शर्टाची बटणं लावताना चिडायचे. मग चावी फिरेना. अंगठ्याच्या बुडाशी जे मांस असते ते बसून गेलं, तिथं आता खड्डा आहे. आमी वाशीमले दाखवलं, अकोल्याले दाखवलं. कोणी मानेची नस म्हणालं, कोणी जीवनसत्त्व. मी तेल चोळलं, लेप लावले, रबरी चेंडू आणला अन् लहान पोरासारखं यांच्या मागं लागून दाबाले लावला. जूनमध्ये नागपूरले गेलो. तुले सांगतलं होतं लग्नाले जाऊन राह्यलो, ते हेच.

तिथं एका डॉक्टरीणबाईनं हाताच्या मांसात बारीक सुई घातली अन् वायर लावली एका मशीनले. शिवम, त्या मशीनच्या पडद्यावर लाट होती. स्कोपवर असते तशीच. हे पडून पडूनच मान वळवून पाहून राह्यले. मग त्यांले विचारलं, मॅडम, पडद्यावरची एक चौकट म्हणजे किती? तुम्ही काय करता, त्या म्हणाल्या. यांनी सांगतलं. तर त्या बाईनं पडदा यांच्याकडे वळवला अन् समजावून सांगतलं, इथं असं पाहिजे, तुमचं असं येते. त्यांनी ते फार मायेनं केलं, पण मले वाटलं उठून तो पडदा बंद करावा. मले कळायच्या आधी यांले कळलं होतं.

परतीच्या बसमध्ये म्हणाले, "सप्लाय बराबर आहे. मधातली वायर मरून राह्यली. अन् हा बोर्ड मले खोलता येत नाही."

ही नसांची बिमारी परत फिरत नाही म्हणे. गोळ्या आहेत, त्यानं चाल मंदावते. आधी हात, मग दंड, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे काय, ते मी विचारलं होतं, ते मी तुले लिहिणार नाही.

मले भेव लागते, शिवम. भांडे घासताना लागते, भाजी घेताना लागते. लोकं विचारतात, भाऊ कसे, मी म्हणते मस्त. मी एवढी तुह्या मागं केस केस करून लागली होती ना, त्याचं कारण मूर्खपणाचं आहे, पण सांगते. मले वाटत होतं केस जर का बरोबर बसली तर हात बी तिथंच थांबील. ज्या दिवशी तुही करडी केस यांच्या हातात बसली, त्या दिवशी मी खरंच मानलं होतं की झालं, संपलं, आता काही होत नाही. नारळ कायचा फोडला होता मी?

आता नवीन माप पाठवते. यात फक्त दोन बोटं आहेत, बाकीची टेकली पण रुतली नाहीत. याच्यावर तू खाचा करू नको. हातमोज्यासारखं काहीतरी कर, तळहातावर बसंल असं, वरून पट्टा, अन् बटणं अशी की तर्जनीच्या नुसत्या टेकण्यानं लागतील. तू शिकलेला आहे, तुह्याकडे मशीन आहे. कर काहीतरी. यांले काम पाहिजे. काम नसलं की हे भिंतीकडे तोंड करून पडतात अन् मले ती पाठ पाहावत नाही.

इकडे येऊ नको लगेच. तू आला की यांले समजंल मी तुले सांगतलं.

ताई


रिसोड,
४ ऑक्टोबर २०२५

चि. शिवम,

तुले ताईचे आशीर्वाद, अन् सोनं घे, सोन्यासारखा राह्य. आपट्याचं पान खोक्यात टाकलं आहे.

तुही हातमोज्याची केस मिळाली. असं काही जगात कोणं केलं नसंल. तळहातावर बसली, पट्टा दातानं आवळता येते, बटणं टेकल्यानं लागतात. महिनाभर यांनी तिच्यावर काम केलं. म्हणजे स्कोप यांच्या हातावर, अन् वायरी माह्या हातात. हे सांगायचे, याले लाव, त्याले लाव, आता बोर्डातल्या पार्टचा पाय कोणता तापला बोट लावून पाह्य. मी लावायची. लाट आली की मले विचारायचे, कशी आहे? मी म्हणायची, तुमीच पाहा ना, तुमच्यासमोर आहे. तरी विचारायचे. मले वाटे मन रमवून राह्यले. मी बी सांगायची, वरून चपटी आहे, मधात तुटली आहे. हळूहळू मले दिसू लागलं काय मेलं ते. मी ते यांले कळू दिलं नाही. कळलं असतं तर यांनी हात काढून घेतला असता, असं मले वाटत होतं.

बुधवारी खांडेनवमी होती, हत्यारांच्या पूजेची. आपल्या घरी तू पाह्यलं आहे, बाबा वखर, विळे, कुऱ्हाड धुऊन मांडायचे. इथं दुकानात तसंच असते. पेचकस, पकडी, सोल्डरिंगची कलम, सगळं पुसून पाटावर, वर झेंडू. त्या दिवशी हत्याराले कामाले लावत नाहीत. अन् यांच्या घरची रीत अशी की हत्यार ज्याच्या हातानं चालते त्यानंच त्याले कुंकू लावायचं, दुसऱ्यानं नाही. लग्न होऊन आली तेव्हा मी हौसेनं पकडीले बोट लावाले गेली होती तर सासऱ्यानं माहा हात धरला होता.

मी सगळं मांडलं. मधात स्कोप ठेवला, तुह्या केससकट. यांले आंघोळ घातली, धुतलेला शर्ट घातला, पाटासमोर बसवलं. कुंकवाची वाटी समोर धरली. यांनी बोट बुडवलं. हात उचलत नव्हता, म्हणून मी मनगटाखाली माहा हात दिला, म्हटलं चला, मी आणते. पेचकसाले लावलं. पकडीले लावलं. स्कोपपाशी आलो अन् यांनी हात ओढून घेतला. ओढण्याइतका जोर राह्यला आहे अजून दंडात.

म्हणाले, "याले तू लाव."

मी म्हटलं, काहून, तुमचं हत्यार आहे. तर म्हणाले, मागच्या हप्त्यातला बोर्ड कोणं दुरुस्त केला? मी म्हटलं, तुमी सांगतलं म्हणून झाला. तर हसले अन् म्हणाले, मी त्या दिवशी चुकीचं सांगतलं होतं, जाणून. तू माहं ऐकलं नाही. जे मेलं होतं बरोबर तेच काढलं.

खरंच होतं ते. मी तेव्हा समजली होती यांची चूक झाली, अन् यांले वाईट वाटू नये म्हणून गुपचूप दुसरं काढलं होतं. अन् हे तिथं बसून माही परीक्षा घेऊन राह्यले होते.

मग म्हणाले, "शिवमले लिव्ह, आता केसचं माप तुह्या हाताचं घ्यायचं."

माह्या अंगाची लाही लाही झाली. मी वाटी खाली आपटली. म्हटलं, तुमी सोडून द्या, मी नाही सोडत. मी एवढ्या केसा कोणासाठी केल्या? सणाच्या दिवशी असं अभद्र बोलता, लाज नाही वाटत? जे तोंडाले आलं ते बोलली. शेजारच्या सूरजबाई दारापर्यंत येऊन परत गेल्या. मी आत गेली अन् पोळ्यांची कणीक मळत बसली. कणीक काय मळते, नुसते बुक्के मारत होती.

हे उठून आले. भिंत धरत, कसेबसे. माह्याजवळ खाली बसले. परातीतला माहा हात यांनी कोपरानं सरकवला, कणकेवर ठेवला, अन् आपला आख्खा दंड त्यावर टाकला. बोटांत जोर नाही ना, म्हणून अंगाचा भार टाकला. माहा हात खाली खाली जात होता अन् मी काढला नाही. हे एकच म्हणाले, "मले दिसत राह्यलं पाहिजे, कोणी तरी चालवून राह्यलं म्हणून. एवढंच कर."

मग मी उठली, हात धुतला अन् स्कोपले कुंकू लावलं.

शिवम, मी अजून हरली नाही असं स्वतःले सांगते, पण सकाळी उठली की पहिले यांचा श्वास ऐकते. तुले सगळं लिहून टाकलं, आता मायले बी सांग. तू दिवाळीत ये. हे तुले पाहून रागावणार नाहीत, तेच म्हणाले, शिवमले बोलाव.

माप सोबत आहे. मीठ मागून वरून टाकलं, म्हणून जरा भेगा पडल्या, सांभाळून काढजो. त्यात माही बोटं फार खोल गेलेली दिसतील. तो जोर माहा नाही. तू कॉम्प्युटरवर तो काढून टाकशील, खाचा उथळ करशील, मले माहीत आहे, कारण धरायले तेच बरं. तरी पाहून घे एकदा, काढून टाकायच्या आधी.

अन् आजवर मी तुले घाई घाई करत आली. या खेपेले घाई करू नको. यांच्या मापाची केस मले होत नाही, पट्टा ढिला पडते, स्कोप हलते. हलू दे. जोपर्यंत जमते तोपर्यंत मी तीच वापरणार आहे.

तुही,
योगिनी भागवत, सोलर पंप दुरुस्ती, रिसोड
(हे शेजारी बसून म्हणतात, असंच लिव्ह.)